उजव्या कोपऱ्यातला पत्ता

अर्ज परत करण्यात सुरय्याबाईंचा हात धरणारं माणूस त्या कॉलेजात झालं नाही. स्वारगेटच्या एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवरचं कॉलेज, तळमजल्यावरचं ऑफिस आणि त्यातली तीन नंबरची खिडकी. एकतीस वर्षं ती खिडकी बाईंची. बोनाफाईड हवं, सवलतीच्या पासावर शिक्का हवा, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला हवा, तर यायचं त्याच खिडकीवर. पोरगं कागद पुढे सरकवायचं. बाई चष्मा खाली ओढायच्या, कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघायच्या आणि बाकीचं काही न वाचता कागद मागे सरकवायच्या.

"पत्ता नाही. परत."

"मॅडम, खाली लिहिलाय ना."

"खाली सही असते. पत्ता वर. चौथीत शिकवतात हे."

एकदा एका पोराने कोपऱ्यात लिहून आणलं, 'एसटी स्टँड, स्वारगेट, पुणे'. बाई म्हणाल्या, "स्टँडवर राहतोस का रे?" पोरगं म्हणालं, "हो मॅडम." रांगेत हशा पिकला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी त्याला आत बोलावून खोदून खोदून विचारलं. पोराचा चुलता स्टँडच्या कॅन्टीनमध्ये भजी तळायचा आणि पोरगं तिथेच मागे, बटाट्याच्या पोत्यांशेजारी झोपायचं. पुढच्या चार दिवसांत वसतिगृहाच्या रेक्टरांशी तीनदा भांडून बाईंनी त्याला एक कॉट मिळवून दिली. तेव्हापासून कोणी म्हणालं की पत्त्याचं एवढं काय घेऊन बसलात, तर बाई म्हणत, "पत्त्यावरून माणूस कुठे उभं आहे ते कळतं. ते कळल्याशिवाय मदत काय करणार, कपाळ?"

आता हे म्हणणं चुकीचं होतं असं नाही. पण बरोबर असलेल्या गोष्टीनेच माणूस एखाद्या वेळी असा तोंडघशी पडतो की विचारू नका.

सात वर्षांपूर्वी बाईंना दुसरं एक काम येऊन चिकटलं. कॉलेजात मुलीशी, किंवा मुलाशीही, कोणी लैंगिक गैरवर्तन केलं तर चौकशीसाठी कायद्याने एक समिती असते. समितीत प्राध्यापक असतात, बाहेरच्या एक वकीलबाई असतात. ते प्रश्न विचारतात. पण ज्याला प्रश्न विचारतात त्याच्या शेजारी कोण बसणार? तारीख कोण कळवणार, कागद कोण लिहून घेणार, रडू आलं तर दार कोण लोटून घेणार? प्राचार्यांनी स्टाफच्या बैठकीत विचारलं तेव्हा सगळे वर पंख्याकडे बघायला लागले. सुरय्याबाई त्या वेळी चष्मा पुसत होत्या, त्यामुळे त्यांना पंखा दिसला नाही.

"तुम्हीच करा," प्राचार्य म्हणाले. "मुली तुम्हाला घाबरतात, म्हणजे तुमचं ऐकतील."

हे कौतुक होतं की कानउघाडणी, ते बाईंना आजवर उमगलेलं नाही.

ज्याच्यावर तक्रार असते त्याच्याही शेजारी कोणीतरी बसावं लागतं. तेही पोरगंच असतं, त्यालाही नियम समजावून सांगावे लागतात, तोही आठवडाभर धड जेवलेला नसतो. ते काम रसायनशास्त्राच्या लॅबमधल्या जयसिंगरावांकडे. मुलीला बसवायचं ऑफिसमागच्या जुन्या रेकॉर्डच्या खोलीत, मुलाला बसवायचं लॅबच्या व्हरांड्यात, आणि दोघांना दोन वेगळ्या जिन्यांनी वर न्यायचं, ही शिस्त बाईंनीच लावली होती. दोन्हीकडची बाकडी भारी टणक. म्हणून बाईंच्या नवऱ्याने, मैनुद्दीनभाईंनी, दोन बैठका शिवून दिल्या होत्या. त्यांचं बिबवेवाडीत गाद्यांचं दुकान. एक बैठक निळी, एक करडी. "कापूस एकाच गठ्ठ्यातला घातलाय," ते म्हणाले होते. "कुणाचं खरं, कुणाचं खोटं, ते तुमची समिती बघेल. टोचायला मात्र दोघांनाही नको."

बाई आणि जयसिंगराव रोज साडेअकराला एकत्र चहा घ्यायचे. त्यात कसल्याही केसचा उल्लेख करायचा नाही, असा दोघांचा अलिखित करार. उसाचे भाव, गुडघे, जावई, पीएमटीचे ड्रायव्हर, सगळं चालायचं. कधी कधी दोघं नुसतेच कप हातात धरून बसायचे. मग इतरांनी ओळखायचं, की आज वर कोणाला तरी बोलावलेलं आहे.

सात वर्षांत सतरा मुली आणि दोन मुलगे बाईंच्या शेजारी त्या निळ्या बैठकीवर बसून गेले. काही जण एकदाच आले, 'नुसतं विचारायला' म्हणून, आणि पुन्हा दिसलेच नाहीत. बाई घरी आल्या की चपला काढून तशाच खाटेवर बसायच्या. मैनुद्दीनभाई विचारायचे नाहीत. बाई एवढंच म्हणायच्या, "आज एक बसली होती." मग भाई भाकरी स्वतः वाढून घ्यायचे. या दोघांचं प्रेम उर्दूत चालायचं आणि भांडण मराठीत, कारण भांडणाचे शब्द उर्दूत फार नाजूक पडतात, असं भाईंचं मत. पण अलीकडे बाई दोन्ही भाषांत कमीच बोलायच्या. मे महिन्यात निवृत्ती होती. एवढे तीन महिने निघाले की झालं, एवढाच एक जप.

आणि फेब्रुवारीत चैताली आली.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, मांजरीहून बसने येणारी मुलगी. वडील रंगनाथ, तिकडेच उसाच्या संशोधनाच्या शेतावर कामाला. गॅदरिंगच्या तालमीत वर्गातल्या एका मुलाने तिला रंगमंचामागच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं होतं. ती कशीबशी सुटून बाहेर आली होती. त्यानंतर तो तिला मेसेज पाठवत राहिला, की तूच आली होतीस, सांगून बघ कोणाला. त्या मुलाचं नाव बाईंनी घरी नवऱ्यापुढेही कधी घेतलं नाही, म्हणून इथेही नको.

तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. चैताली आली त्या दिवशी ऐंशी दिवस उलटले होते. रेकॉर्डच्या खोलीत तिने कागद पुढे ओढला आणि थेट लिहायला सुरुवात केली, 'त्या दिवशी संध्याकाळी'.

"थांब, थांब," बाई म्हणाल्या. "असा कुठे अर्ज असतो? उजव्या कोपऱ्यात आधी नाव, पत्ता, मोबाईल, तारीख. मग 'प्रति'. मग विषय. नीटनेटका अर्ज असला की समोरचा माणूसही नीट वाचतो."

मुलीने पेन वर धरलं. "मॅडम, पत्ता हवाच का? घरी माहीत नाहीये. आप्पांना कळलं तर मला कॉलेजातून काढतील. दहावीला माझी मैत्रीण होती ना, तिला नुसतं कोणीतरी हाक मारली म्हणून काढली होती."

"अगं, कागद समितीकडे जाणार. कपाटात, कुलपात. तुझ्या आप्पांकडे कशाला जातोय? पत्त्याशिवाय अर्ज मी खिडकीवर एकतीस वर्षांत घेतलेला नाही."

मुलीने लिहिला. गाव, वाडी, कॅनॉलपलीकडची ओळ, आणि स्वतःचा फोन सारखा बंद पडायचा म्हणून वडिलांचा मोबाईल. अक्षर मोत्यासारखं. अर्ज लिहून होईपर्यंत दोन तास लागले. बाई सगळा वेळ शेजारी बसून होत्या. मध्ये एकदा त्यांनी खिडकीची कडी लावली, एकदा पाणी आणलं. शेवटी कोपऱ्यासह अर्ज असा देखणा झाला होता की बाईंना उगाच बरं वाटलं.

नियमाप्रमाणे तक्रारीची एक प्रत समोरच्या मुलाला द्यावी लागते, म्हणजे त्याला उत्तर देता येतं. बाईंनीच झेरॉक्स काढली, 'खरी प्रत' असा शिक्का मारला, आवक-जावकच्या वहीत नोंद केली आणि पाकीट जयसिंगरावांच्या हातात दिलं. हे काम त्या इतक्या वर्षांच्या सरावाने करत होत्या की हात चालत होते आणि डोकं घरी पोचलं होतं. आधीच्या तक्रारी मुलींनी ईमेलवर दिलेल्या, नाहीतर वहीच्या पानावर कशातरी लिहिलेल्या. नीट पद्धतशीर अर्ज करवून घेतलेली ही पहिलीच.

पुढच्या सोमवारी सकाळी तीन नंबरच्या खिडकीवर एक माणूस उभा राहिला. पांढरा सदरा, हाताला मातीच्या चिरा, पायातली वहाण हातात घ्यावी की नाही अशा पेचात पडलेला.

"मॅडम, दाखला पायजे. पोरीचा. काढून न्यायचीय."

"कुठल्या वर्गातली? नाव काय?"

त्याने नाव सांगितलं. बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

"अहो, मध्येच कसं? परीक्षा आलीय."

"परीक्षेचं काय घिऊन बसलाय, मॅडम." रंगनाथांनी आवाज उतरवला. मागे रांग होती. "काल आयतवारी आमच्या दारात गाडी आली. पांढरी. तीन मानसं उतरली, पेढ्यांचा बॉक्स घिऊन. मला वाटलं, पोरीला बघायला आली. आमच्या हिनं तर चहा बी टाकला. आन् ती म्हणत्यात, 'झालं गेलं इसरा, पोरांचं असतंच, आपण बापमानसं मिटवून टाकू.' काय मिटवून टाकू? मला तर कायच ठावं न्हाई! सगळी आळी दारात. त्यांच्या हातात कागद व्हता. वर माझा पत्ता, माझा मोबाईल, आन् अक्षर माझ्या पोरीचं."

बाईंच्या डोळ्यांपुढे तो कोपरा उभा राहिला. मोत्यासारखं अक्षर, चार ओळी.

त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मागची मुलगी म्हणाली, "मॅडम, माझी बस आहे," आणि बाई बोलल्या ते भलतंच. "दाखल्याच्या अर्जावर विद्यार्थ्याची सही लागते. मुलगी सज्ञान आहे. तिला घेऊन या."

"उद्या आनतो," म्हणून तो गेला. लिहून आणलेला अर्ज मात्र खिडकीतच ठेवून गेला. सही सोडून बाकी सगळं जागच्या जागी होतं. पत्तासुद्धा.

साडेअकराच्या चहाला जयसिंगरावांनी घसा साफ केला. "बाई, आज आपला करार मोडू का?"

"नको मोडू."

"ते लोक म्हणतायत, मुलीच्या बापानेच फोन करून बोलावलं आम्हाला. तसं लेखी देणार आहेत गुरुवारी." गुरुवारी दोघांची चौकशी होती. "मी पोराशेजारी बसतो, मला बोलायचा अधिकार नाही. पण तो परवा माझ्या व्हरांड्यात बसून रडला हो. म्हणाला, घरी कागद दाखवायचाच नव्हता मला, काकाने ओढून घेतला. आता यात मी काय करू?"

बाईंनी चहा तसाच ठेवला.

संध्याकाळी त्या दुकानात गेल्या, घरी नाही. मैनुद्दीनभाई एक जाड गादी टाचत होते. बाईंनी सगळं सांगून टाकलं, नावं वगळून. कधी नव्हे ते सगळं.

भाईंनी दाभण गादीतून बाहेर ओढली. "कात्रजचे ते रिटायर्ड मास्तर आठवतात तुला? मुलीच्या लग्नात गादी केली होती आपण. गादी गेली, आणि मी सामान आवरतो तर दाभण एक कमी. दुकान उलथंपालथं केलं. मग डोक्यात आलं, आतच राहिली. तेव्हा अब्बा जिवंत होते. ते म्हणाले, राहू दे, कापसात कुठेतरी जाईल, टोचलं तर बघू."

"मग?"

"मग काय, सकाळी सायकल मारली कात्रजला. वऱ्हाडी मंडळी बसलेली. त्यांच्यासमोर नवी कोरी गादी उसवली. मास्तरांनी जो उद्धार केला माझा! 'तुझ्या सात पिढ्यांनी पिंजलेला कापूस परत गाढवावर घाल' म्हणाले. दाभण निघाली. टाचून दिली परत." भाईंनी दोरा दातांनी तोडला. "दाभण आपली असली तर टोचायची वाट बघायची नसते, सुरय्या. आपण जाऊन उसवायचं. शिव्या खायच्या आणि टाचून द्यायचं."

"मला मेमो मिळेल. निवृत्तीला तीन महिने राहिले असताना."

"स्वतः येऊन गादी उसवली म्हणून मास्तरांनी वीस वर्षं मलाच गाद्या सांगितल्या, हे सांगायचं राहिलं."

"खरं का?"

"नाही. पुन्हा कधी आले नाहीत. पण तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

मंगळवारी सकाळी बाई समितीच्या अध्यक्षांकडे, कल्याणी मॅडमकडे गेल्या. कल्याणी मॅडम भौतिकशास्त्राच्या, बोलायला मोजक्या. त्यांनी ऐकून घेतलं, प्रत मागवून बघितली, डोळ्यांवर हात ठेवला.

"कोपऱ्यावर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढायची असते, सुरय्याबाई. पट्टी. एवढीशी."

"माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. सुचलं नाही."

"तुम्ही हे तोंडी सांगितलंत तर मला एकटीला कळलं. लेखी दिलंत तर मेमो निघेल. मला काढावाच लागेल."

"लेखीच देते. तोंडी अर्ज मी आजवर कोणाचा घेतलेला नाही, माझाच कसा घेऊ?"

तिथेच बसून त्यांनी लिहिलं. पत्ता लिहिण्याचा आग्रह कोणी केला, मुलीने काय विचारलं होतं, तिला काय उत्तर मिळालं, प्रत कोणत्या तारखेला निघाली, आणि ते लोक दारात कोणत्या तारखेला गेले. दोन तारखांमध्ये चार दिवस होते. पत्ता आणि मोबाईल त्यांच्या हाती पडला तो या प्रतीतूनच, बापाने बोलावलं म्हणायला जागाच उरत नव्हती.

दुपारी रंगनाथ मुलीला घेऊन आले. बाईंनी दोघांना रेकॉर्डच्या खोलीत बसवलं, आणि आपण उभ्याच राहिल्या. बसायची हिंमत होईना.

"दादा, तो पत्ता मी लिहायला लावला. ती नको म्हणत होती. प्रतही मीच काढली. तुमच्या दारात ती गाडी माझ्यामुळे आली."

रंगनाथ म्हणाले, "तुमी तर शिकल्याली मानसं, मॅडम."

चैताली इतका वेळ खाली बघत होती. तिने मान वर केली. "मी विचारलं होतं तुम्हाला. हवाच का म्हणून विचारलं होतं."

एकतीस वर्षांत खिडकीतून बाईंनी हजारो पोरांना गप्प केलं होतं. आज पोरीचंच म्हणणं खरं होतं. "विचारलं होतंस," त्या म्हणाल्या. "सगळं लेखी देऊन आलेय. गुरुवारी तुझ्याशेजारी दुसरं कोणी हवं असेल तर तसं सांग. नसेल जायचं, तर तेही सांग. तुझ्या हातात आहे."

"तिच्या हातात काय न्हाई आता," रंगनाथ म्हणाले. रागाने नव्हे, दमलेल्या आवाजात. आदल्या रात्री झोपले नसावेत. "मॅडम, उसाला काणी येती, बघितलीय कधी? शेंड्यातनं काळा चाबूक निघतो. त्याला धक्का लागला की भुकटी उडती, आन् सगळा प्लॉट जातो. तीस वर्षं त्येच काम करतो मी. चाबूक दिसला की वरनं पोतं घालायचं, तोंड बांधायचं, आन् हळूच मुळासकट काढायचं. गाजावाजा न्हाई. घराचं बी तसंच असतं. भुकटी उडायच्या आत काढून घ्यायचं."

"आप्पा," चैताली म्हणाली, "पोतं कुणावर घालताय?"

"आँ?"

"काणी आलेल्या उसावर घालतात ना? शेजारच्या चांगल्या उसावर तर नाही घालत? चाबूक माझ्यातनं निघालाय का, आप्पा? मला बांधून नेताय तुम्ही, आणि काणी हितं तशीच उभी."

रंगनाथांनी हातातली टोपी दोनदा उलटसुलट केली. तीस वर्षांचा अनुभवी माणूस, चुकीच्या सरीत शिरल्यावर जसा थबकावा तसे थबकले.

बाईंच्या जिभेवर एक छानसं वाक्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मला यातलं काय कळत न्हाई," शेवटी रंगनाथ म्हणाले. "गुरुवारचं होऊ द्या. मग बघू. ह्यो अर्ज राहू द्या तुमच्यापाशीच."

निघताना चैताली दाराशी थांबली. "मॅडम, दुसरं कोणी नको. तुम्हीच बसा. पण मला आता काही शिकवू नका."

"नाही शिकवत," बाई म्हणाल्या.

बुधवारी त्या पांढऱ्या गाडीतले काका खिडकीवर आले. समितीने त्यांना लेखी कळवलं होतं, की मुलीच्या घरी कोणी फिरकायचं नाही, काही म्हणायचं असेल तर ते कॉलेजच्या ऑफिसात, खिडकी क्रमांक तीन. काकांच्या हातात पुन्हा पेढ्यांचा बॉक्स.

"मॅडम, तुम्ही अनुभवी आहात. जरा दोन्ही बाजूंनी विचार करा."

"कशाबद्दल पेढे?"

"असेच. आपुलकीने."

"असेच काही घेत नाही आम्ही. अर्ज करा." बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "उजव्या कोपऱ्यात तुमचं नाव, पत्ता, मोबाईल. खाली पेढे कोणत्या कारणाने ते. समितीला लागेल."

काकांनी कागदाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि बॉक्स काखेत मारला. रांगेतल्या एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, माझ्या अर्जावर पत्ता नाहीये, चालेल?" बाई थकून म्हणाल्या, "आण इकडे. काय काम आहे ते आधी सांग."

गुरुवार उजाडला. निळी बैठक बाईंनी झटकून वर नेली. शेजारी बसणाऱ्याने आत बोलायचं नसतं. दोन तास दहा मिनिटं त्या गप्प बसल्या. वकीलबाईंनी विचारलं, ऐंशी दिवस का लागले? चैताली म्हणाली, "सांगितलं की घरी कळणार, आणि घरी कळलं की शिक्षण बंद, हे माहीत होतं म्हणून. ऐंशी दिवस मी विचार करत होते की कुठलं परवडेल." मग समोरून ते निवेदन आलं, मुलीच्या बापाने बोलावलं होतं म्हणून. कल्याणी मॅडमनी सुरय्याबाईंचा कागद काढून तारखांसकट वाचला. सगळ्यांसमोर. चूक कोणाची, नाव काय, हुद्दा काय. बाई आपल्या चपलांच्या अंगठ्यांकडे बघत राहिल्या. वाचून संपल्यावर समोरचं निवेदन कोणी पुन्हा उचललं नाही.

निकालाचं आताच सांगून टाकलेलं बरं. तो दोन महिन्यांनी लागला. मुलाला वर्षभर कॉलेजात यायला बंदी आणि चैतालीशी संपर्क करायला कायमची मनाई. चैतालीला हे कमी वाटलं, मुलाच्या घरच्यांना फार. जयसिंगराव पुढचे कितीतरी दिवस त्या पोराला फोन करून जेवलास का विचारत होते. बाईंचा मेमो निकालाच्या आधीच, आठ दिवसांत आला. त्यांनी तो आवकच्या वहीत स्वतःच नोंदवला.

पण गुरुवारची संध्याकाळ राहिली. बाई आणि चैताली मागच्या जिन्याने उतरल्या, तर रंगनाथ रेकॉर्डच्या खोलीबाहेर जमिनीवर बसलेले. सकाळपासून तिथेच होते. बाकडं मोकळं होतं, पण बसले नव्हते. मुलगी दिसली तसे उठले. डबा पुढे केला.

"खाल्लं न्हाईस सकाळपासनं."

ती बाकड्यावर बसून खायला लागली. बाईंनी निळी बैठक तिच्याशेजारी ठेवली. रंगनाथ तिच्याकडे बघत, अवघडून, कडेला टेकले. बाईंचे पाय सुजून चपलांत मावत नव्हते. त्यांनी ऑफिसातल्या खणातून दाखल्याचा अर्ज आणला.

"याचं काय करू?"

त्यांनी बापाला विचारलं नव्हतं, लेकीला विचारलं होतं. रंगनाथांना ते कळलं. त्यांनीही लेकीकडेच बघितलं.

चैतालीने घास गिळला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "विद्यार्थ्याची सही नाही," ती म्हणाली.

"मग?"

"परत."

बाईंनी लाल पेन काढलं. अर्जाच्या कडेला, एकतीस वर्षं लिहीत आल्या होत्या तेच लिहिलं, 'अपूर्ण, परत', आणि कागद रंगनाथांच्या हातात दिला. रंगनाथांनी तो उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"काणीची नोंद करायला हुईल," ते म्हणाले. "उद्या प्लॉट नंबर सात बघायचाय. एवढ्या उशिरा मांजरीची बस कुठनं मिळंल हो, मॅडम?"

"चला, दाखवते," बाई म्हणाल्या आणि चपला हातात घेऊन अनवाणीच निघाल्या.